मुरवा, भाजा, वाढा : घरच्याच मसाल्यातले बेक्ड चिकन

दही, आले-लसूण, हळद, तिखट, लिंबू, तेल आणि मीठ. जवळपास प्रत्येक घरात असणाऱ्या या साहित्यात चिकन उत्तम भाजता येते. त्यासाठी महागडे मसाले लागत नाहीत, लागतो तो मीठ, वेळ आणि उष्णता यांचा हिशेब.

दिवाळी जवळ आली की एके काळी गल्लोगल्ली डबे घेऊन बेकरीकडे निघालेली माणसे दिसत. जाताना डब्यात घरचे तूप, मैदा, रवा आणि पिठीसाखर असे; परतताना त्याच डब्यात गरम नानकटाई असे. घरात भट्टी नव्हती, म्हणून बेकरीची भट्टीच घरची मानली जाई. आता चित्र नेमके उलटे झाले आहे. शहरांतील असंख्य घरांत ओव्हन आला. कुणी तो हौसेने घेतला, कुणाला लग्नात भेट मिळाला. परंतु वर्षातून एकदोन केक वगळता त्याचा मुख्य उपयोग कढया आणि तवे ठेवण्यासाठी होतो.

ओव्हनमध्ये चिकन का करत नाही, असे विचारले तर साधारण तीन उत्तरे मिळतात. वेळ नसतो, तसले साहित्य घरात नसते, आणि एकदा करून पाहिले होते पण बिघडले. यांपैकी पहिली दोन कारणे गैरसमजातून आलेली आहेत. बेक्ड चिकनला प्रत्यक्ष हात लागतो तो वीस-पंचवीस मिनिटे. उरलेला वेळ ते फ्रीजमध्ये आणि ओव्हनमध्ये स्वतःचे स्वतः सांभाळते. साहित्य म्हणाल, तर रोजच्या मसाल्याच्या डब्याबाहेर फारसे जावे लागत नाही. तिसरे कारण मात्र खरे आहे. चिकन कोरडे होते, किंवा बाहेरून करपून आतून कच्चे राहते. मग दोष मसाल्याला दिला जातो. वास्तविक दोष मिठाच्या, वेळेच्या आणि उष्णतेच्या प्रमाणात असतो. हा हिशेब एकदा समजला, की मसाला कोणताही चालतो.

पद्धत परकी नाही

'बेक्ड' हा शब्द इंग्रजी असला तरी मांस मुरवून बंद उष्णतेत भाजण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावली जाते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मधोमध केळीच्या पानात गुंडाळलेले, मसाला लावून मुरवलेले चिकन, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही न घालता मडक्याचे तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा व काटक्या रचून जाळ करायचा. मडके हाच ओव्हन. पाठारे प्रभू समाजातील कोळंबीचे भानोलेही पूर्वी खाली-वर निखारे ठेवूनच भाजले जाई.

उत्तरेकडील तंदूर हा याच कुटुंबातला. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या दर्यागंज येथील 'मोती महल'ने तंदुरी चिकन देशभर लोकप्रिय केले. तापलेल्या तंदुरातील उष्णता घरगुती ओव्हनपेक्षा कितीतरी अधिक असते. घरगुती ओव्हन साधारणपणे २३० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. म्हणूनच हॉटेलातील तंदुरीची हुबेहूब नक्कल घरी करू पाहिली, तर निराशा पदरी येते. घरच्या ओव्हनची ताकद वेगळी आहे. तो सावकाश आणि सर्व बाजूंनी भाजतो. पाककृती त्याच्या स्वभावाला धरून असली पाहिजे.

मुरणे म्हणजे काय?

मराठीत 'मुरणे' हा शब्द लोणच्यालाही लागतो आणि माणसालाही. चिकनच्या बाबतीत मुरताना प्रत्यक्ष काय घडते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

मसाला मांसात खोलवर शिरतो, ही समजूत चुकीची आहे. हळद, तिखट, धने-जिरे, लसूण यांचा स्वाद पृष्ठभागापासून फार तर काही मिलिमीटर आत जातो. रात्रभर ठेवले तरी फारसा फरक पडत नाही. खऱ्या अर्थाने आत शिरते ते मीठ. मीठ मांसातील काही प्रथिने विरघळवते आणि त्यांची रचना सैल करते. अशी सैल झालेली प्रथिने भाजताना कमी आक्रसतात आणि पाणी धरून ठेवतात. चिकन रसदार राहते ते यामुळे. मीठ फक्त चवीसाठी असते असे मानून ते शेवटी भुरभुरवले, तर हा फायदा हातचा जातो.

दह्याचे काम दुसरे आहे. त्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य असल्याने ते वरचा थर हळूहळू मऊ करते. लिंबू आणि व्हिनेगर त्या मानाने तीव्र असतात. अधिक लिंबाच्या रसात चिकन रात्रभर ठेवले तर वरचा थर पांढरट पडतो आणि खाताना पिठूळ लागतो. त्यामुळे लिंबू थोडे, दही भरपूर, हे सूत्र ठेवावे. मटणाला लावतात तशी कच्च्या पपईची गरज ब्रॉयलर कोंबडीला मुळीच नसते. पपईतील पपेन मांसाची प्रथिने तोडते आणि मुळातच कोवळे असलेले हे मांस त्याने लिबलिबीत होते.

तेल हा तिसरा घटक. तिखटाचा झणका आणि हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. शिवाय आपल्याकडे तेलाला एक वेगळेच महत्त्व आहे. परदेशी पाककृती बहुधा कातडीसह चिकन गृहीत धरतात. कातडीखालची चरबी भाजताना वितळते आणि मांसाला आपोआप तेल मिळते. आपल्या दुकानात मात्र कातडी काढूनच चिकन दिले जाते. परदेशी कृती जशीच्या तशी केली की चिकन कोरडे का होते, याचे एक प्रमुख कारण हेच. आपल्याकडे कातडीचे काम दही, तेल आणि थोडे बेसन यांच्या लेपाने करायचे असते.

साहित्य
(चार जणांसाठी)

• चिकनच्या पूर्ण तंगड्या (मांडीसह) : १ किलो
• मीठ : २ लहान चमचे, सपाट (सुमारे १२ ग्रॅम)
• घट्ट दही : १ वाटी
• आले-लसणाचे वाटण : २ मोठे चमचे
• लिंबाचा रस : १ मोठा चमचा
• हळद : अर्धा लहान चमचा
• बेडगी किंवा काश्मिरी मिरचीचे तिखट : २ लहान चमचे
• धने-जिरे पूड : २ लहान चमचे
• गरम मसाला : १ लहान चमचा
• भाजलेले बेसन : १ मोठा चमचा
• शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल : २ मोठे चमचे, शिवाय वरून लावण्यासाठी थोडे
• बटाटे, कांदे : ऐच्छिक

येथे लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा समजावा. घरातील गरम मसाला संपला असेल तर गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला वापरावा. मात्र तयार मसाल्यात अनेकदा मीठ असते. पाकीट वाचून वरचे मीठ कमी करावे. तिखटाला लाल रंग नसेल तर खाण्याचा रंग घालण्याचा मोह टाळावा. बेडगी मिरचीचा रंग पुरेसा होतो.

चिकन घेताना

पहिल्या प्रयत्नासाठी छातीचे मांस न घेता तंगड्याच घ्याव्यात. तंगडीच्या मांसात चरबी आणि संयोजी पेशीजाल अधिक असते. ते ओव्हनमध्ये पाचदहा मिनिटे जास्त राहिले तरी बिघडत नाही, उलट अधिक मऊ होते. छातीच्या मांसात ही सवलत नाही. थोडासा उशीर झाला की ते भुशासारखे लागते. दुकानदाराला 'करी कट' न सांगता पूर्ण तंगड्या मागाव्यात. सर्व तुकडे साधारण एका आकाराचे असावेत, म्हणजे ते एकाच वेळी शिजतात. मांस गुलाबी व ओलसर असावे, चिकट नसावे, आणि त्याला आंबूस वास नसावा. चिकन बाजारातल्या खरेदीत सर्वांत शेवटी घ्यावे व थेट फ्रीजमध्ये ठेवावे.

गोठवलेले चिकन असेल तर ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवू नये. बाहेरचा भाग तापतो, आतला बर्फच राहतो, आणि मधल्या काळात जिवाणूंना मोकळे रान मिळते.

कृती

१. तंगड्या टिपकागदाने किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ फडक्याने कोरड्या कराव्यात. फडके वापरले असेल तर ते लगेच गरम पाण्यात साबणाने धुवावे. प्रत्येक तंगडीवर हाडापर्यंत जाणाऱ्या तीन-चार तिरक्या चिरा द्याव्यात. मसाला खोलवर शिरत नाही हे वर पाहिलेच. चिरांमुळे त्याला अधिक पृष्ठभाग मिळतो.

२. मीठ, हळद, लिंबाचा रस आणि आले-लसणाचे वाटण एकत्र करून तंगड्यांना चोळावे. चिरांमध्येही भरावे. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे.

३. दही पातळ असेल तर तेवढ्या वेळात ते फडक्यात बांधून टांगावे. दह्यात पाणी अधिक असले की ते ओव्हनमध्ये सुटते आणि चिकन भाजले जाण्याऐवजी उकडते. घट्ट झालेल्या दह्यात तिखट, धने-जिरे पूड, गरम मसाला, बेसन आणि तेल घालून चांगले फेटावे.

४. तंगड्यांना सुटलेले पाणी निथळून टाकावे आणि दह्याचा लेप सर्व बाजूंनी लावावा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे रस गळला तरी इतर पदार्थांवर पडणार नाही. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे घेऊ नये; दही कळकते.

५. किमान एक तास, शक्यतो चार ते बारा तास मुरवावे. चोवीस तासांपलीकडे ठेवण्यात लाभ नाही. नोकरी करणाऱ्यांना सोयीचा मार्ग म्हणजे शनिवारी रात्री मुरवणे आणि रविवारी दुपारी भाजणे.

६. भाजण्यापूर्वी वीस मिनिटे चिकन फ्रीजबाहेर काढावे. त्याच वेळी ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवावा.

७. ट्रेमध्ये ॲल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर जाळी ठेवावी आणि जाळीवर तंगड्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात. जाळीमुळे खालूनही गरम हवा फिरते. खालच्या ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी आणि कांद्याच्या चकत्या, थोडे मीठ व तेल लावून पसरल्या, तर वरून ठिबकणाऱ्या रसात त्याही चिकनबरोबर भाजल्या जातात आणि वेगळ्या भाजीचे काम उरत नाही.

८. मधल्या कप्प्यात २०० अंशांवर २५ मिनिटे भाजावे. मग तंगड्या उलटून वर तेलाचा हात फिरवावा आणि आणखी १५ ते २० मिनिटे भाजावे. शेवटची चार-पाच मिनिटे फक्त वरची कॉइल चालू ठेवली, तर कडांना करपट-खरपूस डाग पडतात. या वेळी ओव्हनसमोरून हलू नये.

९. शिजल्याची खात्री झाल्यावर बाहेर काढून पाच ते दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. लगेच कापले तर रस ताटात वाहून जातो. वाढताना लिंबाची फोड, कांद्याच्या चकत्या आणि भाकरी किंवा पाव पुरेसा होतो.

आपला ओव्हन ओळखा

घरातील साधने तीन प्रकारची असतात. ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, या कृतीसाठी सर्वांत योग्य. तापण्यासाठी त्याला दहा ते पंधरा मिनिटे द्यावीत. कन्व्हेक्शनची सोय असलेल्या मायक्रोवेव्हमध्येही चिकन उत्तम होते. फक्त मायक्रोवेव्ह लहरी बंद ठेवून कन्व्हेक्शन हाच पर्याय निवडावा आणि बुटके स्टँड वापरावे. साधा मायक्रोवेव्ह मात्र येथे कामाचा नाही. तो पदार्थ गरम करतो, भाजत नाही, आणि ती उष्णताही सगळीकडे सारखी पोहोचत नाही.

भाजलेल्या पदार्थाचा खमंगपणा येतो तो पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेल्यावर. त्या उष्णतेला प्रथिने आणि शर्करा यांची परस्परांवर क्रिया होते आणि तपकिरी रंग व शेकडो सुवास निर्माण होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर तो १०० अंशांच्या आसपासच राहतो. चिकन कोरडे करणे, दही टांगणे आणि तुकडे सुटे मांडणे, या तिन्ही सूचनांचे मूळ येथे आहे.

विजेच्या खर्चाचीही अनेकांना धास्ती असते. १५०० वॉटचा ओव्हन तासभर अखंड चालला तरी दीड युनिट वीज लागेल. थर्मोस्टॅटमुळे कॉइल मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्ष वापर त्याहून कमी होतो.

शिजले हे कसे ओळखावे?

प्रस्तुत प्रतिनिधीचा पहिला प्रयोग याच टप्प्यावर फसला होता. चार पाहुणे बसलेले, ओव्हनचा काटा उत्साहाने २५० वर, आणि पंचवीस मिनिटांत बाहेर आलेल्या तंगड्यांचा रंग इतका देखणा की सर्वांनी दाद दिली. पहिली तंगडी सांध्यातून मोडली तेव्हा आत कच्चे, काचेसारखे दिसणारे मांस होते. अखेर सगळ्या तंगड्या कुकरमध्ये गेल्या आणि पाहुण्यांना बेक्ड चिकनऐवजी रस्सा-भात मिळाला. बाहेरचा रंग आतल्याची साक्ष देत नाही, हा धडा त्या दिवशी मिळाला.

खात्रीचा उपाय एकच, अन्नाचा थर्मामीटर. चार माणसांच्या एका हॉटेलच्या जेवणापेक्षा तो स्वस्त मिळतो. सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी. अमेरिकेच्या कृषी विभागाने कोंबडीच्या सर्व भागांसाठी ७४ अंश सेल्सिअस हे किमान सुरक्षित तापमान ठरवले आहे. छातीच्या मांसासाठी तेवढ्यावर थांबावे. तंगड्या मात्र ८० ते ८५ अंशांपर्यंत जाऊ द्याव्यात. त्या तापमानाला त्यांतील कोलॅजेन विरघळून मांस हाडापासून सहज सुटते.

थर्मामीटर नसेल तर मांडी आणि नळी जोडणाऱ्या सांध्यात सुरी घालून पाहावे. रस पाण्यासारखा स्वच्छ असावा, मांस अपारदर्शक व धाग्याधाग्याने सुटणारे असावे, आणि नळीच्या टोकाशी मांस मागे सरकून हाड उघडे पडलेले असावे. केवळ रंगावर विसंबू नये. ब्रॉयलर कोंबडी कमी वयाची असल्याने तिच्या हाडांतील मगज बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेल्या चिकनमध्येही हाडाजवळ लालसर डाग दिसू शकतो. शंका आली तर आणखी सात-आठ मिनिटे भाजावे. तंगडीचे त्यात काहीच बिघडत नाही.

भीती नको, काळजी हवी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि राज्यभर लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली. कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. त्या काळात जागतिक आरोग्य संघटना जे सांगत होती, ते आजही तितकेच खरे आहे : मांसाचा प्रत्येक भाग ७० अंशांपर्यंत तापला की तो विषाणू टिकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पुन्हा चिकनविषयी प्रश्न विचारले गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता. त्या साथीत मुख्य संशय दूषित पाण्यावर होता; परंतु हा जिवाणू कच्च्या कोंबडीवरही आढळतो, हे विसरून चालणार नाही. पुरेसे शिजवल्यास तो मरतो. म्हणजे धोका शिजवलेल्या चिकनचा नसून, अर्धवट शिजवलेल्या चिकनचा आणि कच्च्या चिकनच्या हाताळणीचा आहे.

यातूनच धुण्याचा प्रश्न येतो. चिकन नळाखाली खळखळून धुणे ही आपल्याकडील सार्वत्रिक सवय. पण वाहत्या पाण्याचे तुषार सिंक, ओटा आणि शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत उडतात आणि जिवाणू सोबत नेतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये कच्चे चिकन धुऊ नका, अशी मोहीमच काढली होती. दुकानातून आणलेल्या चिकनला रक्त वा पिसे लागलेली असतात, त्यामुळे न धुणे अनेकांच्या मनाला पटत नाही. अशा वेळी मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने बुचकळून काढावेत, पाणी सावकाश ओतावे आणि लगेच सिंक व हात साबणाने धुवावेत. सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी तसेच वापरू नयेत.

आणखी दोन नियम महत्त्वाचे आहेत. चिकन मुरवायचे ते फ्रीजमध्येच. कच्चे असो वा शिजलेले, ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंशांवर असेल तर एका तासापेक्षाही नाही. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला चटणी म्हणून कधीही वाढू नये. वापरायचाच तर चांगली उकळी आणून रश्श्यात घालावा.

चव बदलायची असेल तर

मिठाचे आणि उष्णतेचे प्रमाण तेच ठेवून मसाला हवा तसा बदलता येतो.

हिरवे चिकन : लाल तिखट व गरम मसाल्याऐवजी कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, मिरे आणि दालचिनी यांचे वाटण. गोव्याच्या काफ्रिआलशी याचे नाते आहे.

मालवणी : मालवणी मसाला आणि लिंबाऐवजी एक मोठा चमचा आगळ. आगळ खारट असल्याने मीठ अर्ध्या चमच्याने कमी.

मिरे-लिंबू : लहान मुलांसाठी तिखट वगळून मिऱ्याची जाडसर पूड, लसूण, दही आणि लोणी.

मध-मोहरी : मोहरीची पूड, मध आणि व्हिनेगर. मध किंवा गूळ सुरुवातीला लावला तर करपतो. तो शेवटच्या दहा मिनिटांतच ब्रशने लावावा.

छातीचे बोनलेस मांस वापरायचे झाल्यास जाड भाग लाटण्याने हलकेच ठोकून सारखा करावा आणि २०० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटांत, ७४ अंश होताच बाहेर काढावे.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची कढई किंवा पसरट पातेले घेऊन त्यात तेल तापवावे, तंगड्या एका थरात मांडाव्यात आणि झाकण ठेवून मंद ते मध्यम आचेवर प्रत्येक बाजू बारा ते पंधरा मिनिटे होऊ द्यावी. मग झाकण काढून मोठ्या आचेवर सुटलेले पाणी आटवावे आणि दोन्ही बाजू खरपूस कराव्यात. निखाऱ्याची धुरी द्यायची असल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एअर फ्रायर असेल तर १८० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटे लागतात. मधे एकदा उलटावे. शिजल्याची परीक्षा मात्र सर्वत्र तीच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रेमध्ये पाणी का साचते? दही पातळ असते, चिकन ओले असते किंवा ट्रेमध्ये दाटी झालेली असते. दोन किलो चिकन एकदम घालण्यापेक्षा दोन खेपा कराव्यात.

रंग लवकर आला, पण आत कच्चे आहे. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते. वर फॉइल सैलसर झाकावे, तापमान १८० वर आणावे आणि वेळ वाढवावा.

फॉइलची चकचकीत बाजू आत हवी की बाहेर? काहीही चालते, भाजण्यात फरक पडत नाही.

उरलेले चिकन किती दिवस टिकते? दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन ते चार दिवस. खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे. मांस सोडवून पोळीत कांद्यासह गुंडाळले, तर सोमवारचा डबाही होतो.

पोपटी लावणाऱ्यांकडे ना थर्मामीटर असतो, ना घड्याळ. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून, ते चटकन उडतात का, यावरून ते अंदाज घेतात. तो अंदाज अनेक हिवाळ्यांच्या अनुभवातून आलेला असतो. ओव्हनच्या बाबतीतही तेच आहे. पहिल्या वेळी घड्याळ पाहावे, दुसऱ्या वेळी आपला ओव्हन किती मिनिटे पुढे-मागे चालतो ते वहीत लिहून ठेवावे. तिसऱ्या रविवारी ही कृती वाचण्याची गरज उरणार नाही. तेवढ्यासाठी आधी एक करावे लागेल. ओव्हनमधल्या कढया आणि तवे बाहेर काढावे लागतील.